सावित्रीबाई फुले : पुण्याच्या भिंतींवर लागलेल्या 'त्या' पत्रकाचा आज नांदेड-लातूरशी काय संबंध?

साल १८६३. पुण्यातल्या ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर एक छापील पत्रक चिकटवलेलं दिसायला लागलं.

पत्रकाचा मजकूर त्या काळाच्या मानाने भलताच धाडसी होता. एखाद्या विधवेला दिवस गेले असतील, तर तिने घाबरू नये, आमच्याकडे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळाला सोबत न्यायचं की इथेच ठेवायचं हे तिचं तिने ठरवावं, असा त्याचा आशय होता. नाव गुप्त राहणार होतं. पत्ता होता पुण्यातल्या एका माळी जोडप्याच्या घराचा.

ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले.

सावित्रीबाई म्हटलं की मुलींची पहिली शाळा, अंगावर पडणारं शेण आणि पिशवीतलं जादाचं लुगडं एवढंच सगळ्यांना आठवतं. ३ जानेवारीला ते स्टेटसवर पण येतं. पण त्यांच्या आयुष्याचा एक मोठा भाग वेगळ्याच कामात गेला. जगण्याचे सगळे रस्ते बंद झालेल्या माणसाला वेळेत गाठायचं आणि त्याच्यासोबत थांबायचं, हे ते काम. आज याच कामाचं रीतसर प्रशिक्षण दिलं जातं, आणि त्याची सगळ्यात जास्त गरज आहे अशा भागांत नांदेड आणि लातूर ही नावं येतात.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर सुरुवातीपासून बघावं लागतं.

नायगाव ते पुणे

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि ज्योतिराव तेरा वर्षांचे होते. अक्षरओळख झाली ती सासरी, नवऱ्याकडून. पुढे त्यांनी शिक्षिका होण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या.

इथे एक मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नुसती तळमळ आहे म्हणून त्या वर्गात गेल्या नाहीत. आधी शिकल्या, मग शिकवायला लागल्या.

याची किंमतही मोजावी लागली. १८४९ मध्ये या जोडप्याला सासरचं घर सोडावं लागलं. तेव्हा आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. घरातून बाहेर पडावं लागलं की माणसाचं काय होतं, हे सावित्रीबाईंना वयाच्या अठराव्या वर्षी स्वतःच्या अनुभवातून कळलेलं होतं.

काशीबाईची केस

तो काळ विधवांसाठी भयानक होता. सतीबंदीचा कायदा १८२९ ला झाला, विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ ला झाला. पण कायदा कागदावर आणि बाई माजघरात, अशी परिस्थिती होती. बालविवाहामुळे बारा-पंधरा वर्षांच्या मुली विधवा व्हायच्या. केशवपन, एकवेळचं जेवण, अंधारी खोली. त्यात घरातल्याच किंवा ओळखीतल्या एखाद्या पुरुषाने गैरफायदा घेतला आणि दिवस राहिले, तर पुरुष नामानिराळा. बाईपुढे मात्र दोनच वाटा उरायच्या, एकतर बाळाचा जीव घ्यायचा, नाहीतर स्वतःचा.

ज्योतिरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवाने तिला फसवलं आणि हात वर केले. ती बाळंत झाली आणि बदनामीच्या भीतीने तिने बाळाला मारलं. प्रकरण उघडकीला आलं, पुण्याच्या कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानला धाडण्यात आलं.

शास्त्रीबुवाला काहीही झालं नाही.

हा खटला संपल्या संपल्या फुले दांपत्याने स्वतःच्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. भिंतींवरची ती पत्रकं त्याचीच.

नाव बालहत्या प्रतिबंधक असलं, तरी तिथे दोन जीव वाचत होते. बाळाचा आणि आईचा. येणाऱ्या बायकांची बाळंतपणं, त्यांचं खाणंपिणं, मागे राहिलेल्या लेकरांचा सांभाळ, हे सगळं सावित्रीबाई बघायच्या. तू अशी कशी वागलीस, हा प्रश्न तिथे कुणाला विचारला जायचा नाही.

पण या कामाचा हिशेब फक्त यशाचा नाही. ज्योतिरावांनी १८८४ मध्ये विधवांच्या प्रश्नावर सरकारला मत कळवलं, त्यात आकडे दिलेले आहेत. तोपर्यंत ३५ विधवा या घरात येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यातली फक्त ५ मुलं जगली. ३० मुलं गेली, कारण या बायका येईपर्यंत उशीर झालेला असायचा. गर्भ पाडण्यासाठी विषारी औषधं आधीच पोटात गेलेली असायची.

एवढी मुलं गेली. तरीही घराचं दार बंद झालं नाही.

नायगावचा जमाव

२९ ऑगस्ट १८६८ ला सावित्रीबाईंनी माहेराहून ज्योतिरावांना एक पत्र लिहिलं. त्यातला प्रसंग आजही अंगावर येतो.

गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. त्याचं आणि शारजा नावाच्या महार मुलीचं प्रेम जमलं. तिला सहावा महिना लागलेला होता. गावाला कळलं तेव्हा लोकांनी दोघांना मारत, वाजतगाजत गावातून फिरवलं. बेत होता दोघांनाही ठार मारायचा.

सावित्रीबाईंना कळताच त्या धावत तिथे पोचल्या आणि खून केल्यावर इंग्रज सरकारचा कायदा काय करतो, याची जमावाला जाणीव करून दिली. लोक वरमले, पण दोघांनी गाव सोडावं यावर अडून बसले. सावित्रीबाईंनी ते मान्य केलं आणि दोघांना सरळ पुण्याला ज्योतिरावांकडे पाठवून दिलं.

यात बघण्यासारखं हे आहे की त्या क्षणी जातिव्यवस्थेवर भाषण करायला त्या थांबल्या नाहीत. आधी जीव वाचवला आणि मग दोघांना सुरक्षित जागी, भरवशाच्या माणसाच्या हवाली केलं.

आणि मग यशवंत

१८७४ ची गोष्ट. चरित्रकारांनी जिचं नाव काशीबाई असंच दिलंय, अशी आणखी एक गरोदर विधवा जीव द्यायला निघालेली ज्योतिरावांना दिसली. त्यांनी तिला थांबवलं, समजूत घातली आणि घरी आणलं. दारात सावित्रीबाई होत्या. एखाद्या अनोळखी, गरोदर, सगळ्यांनी टाकलेल्या बाईला घरात घेणं म्हणजे पुन्हा एकदा अख्ख्या पुण्याचे शिव्याशाप घेणं. सावित्रीबाईंनी घेतले.

तिला मुलगा झाला. फुले दांपत्याला स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी त्या बाळाला दत्तक घेतलं, नाव ठेवलं यशवंत. बाळाची नाळ सावित्रीबाईंनी आपल्या हाताने कापली आणि त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, याची नोंद ज्योतिरावांच्या १८८७ च्या मृत्युपत्रात आहे. त्याच मृत्युपत्राने यशवंतला वारस केलं.

यशवंत शिकून डॉक्टर झाला.

१८९० मध्ये ज्योतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, कारण दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि पुढे चालायला लागल्या.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरच्या ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना सुरू झाला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यात त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. वय होतं ६६.

ज्या पोराच्या आईला तेवीस वर्षांपूर्वी मरणाच्या वाटेवरून परत आणलं होतं, तोच मुलगा त्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून उभा होता.

आता येऊ नांदेड-लातूरकडे

सावित्रीबाईंच्या काळात हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यांचं काम इथवर पोचलं नव्हतं. पण आज तसं काम करू शकतील अशी माणसं याच भागाला सगळ्यात जास्त हवी आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ लोक महाराष्ट्रातले. मराठवाड्यात एकीकडे नापिकी आणि कर्जाच्या कात्रीत सापडलेला शेतकरी आहे, दुसरीकडे नीट-जेईईसाठी लातूर आणि नांदेडच्या खोल्यांमध्ये राहणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं आहेत. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असतं. आर्थिक ताण, आजार, घरातली भांडणं, व्यसन, एकटेपणा असं बरंच काही साचत गेलेलं असतं. काशीबाईसारखंच या माणसालाही वाटायला लागतं की आता सगळे रस्ते बंद झाले.

इथे 'गेटकीपर ट्रेनिंग' कामाला येतं. नाव इंग्रजी असलं तरी कल्पना साधी आहे. संकटातला माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे स्वतःहून फार कमी वेळा जातो. तो आधी भेटतो आशाताईला, अंगणवाडीताईला, पोलीस पाटलाला, कृषी सहायकाला, हॉस्टेलच्या रेक्टरला, मेसवाल्या काकूंना, वर्गातल्या मित्राला. मग या लोकांनाच शिकवायचं.

शिकवतात काय?

पहिलं म्हणजे ओळखायचं कसं. माणूस बोलायचा बंद होतो, झोप-जेवण उडतं, आपण सगळ्यांना ओझं झालोय असं बोलायला लागतो, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, अचानक निरवानिरवीची भाषा करतो.

दुसरं, विचारायचं कसं. जीव द्यायचे विचार मनात येतात का, हे आडवळण न घेता, शांतपणे विचारायचं. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, हा गैरसमज आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्यानंतर ऐकायचं. उपदेश, तुलना, दटावणी यातलं काहीही करायचं नाही.

तिसरं, एकटं सोडायचं नाही आणि पुढच्या मदतीपर्यंत सोबत जायचं. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. नुसता पत्ता सांगून उपयोग नाही, सोबत जावं लागतं. आणि चार दिवसांनी पुन्हा विचारपूस करावी लागते.

पत्रक, गुप्तता, जाब न विचारणं, हाताला धरून घरी आणणं, आणि नंतरची तेवीस वर्षं. वेगळं काय आहे?

यंत्रणा आहे, माणसं हवीत

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणजे ज्या काशीबाईला अंदमान मिळालं, तिथून कायदा बराच पुढे आलाय.

महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांसाठी विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात नांदेड आणि लातूर दोन्ही आहेत. २०२२ मध्ये देशाचं आत्महत्या प्रतिबंधक धोरण आलं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा, कॉलेज आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं आणि धोक्याची लक्षणं ओळखण्याचं प्रशिक्षण द्यायचंय. म्हणजे लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या सरांना आणि फी घेणाऱ्या क्लार्कलाही हे यायला हवं.

प्रश्न अंमलबजावणीचा आहे. एका दिवसाची कार्यशाळा, चहा-बिस्कीट, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो एवढ्यावर हे काम थांबलं, तर बाई पोचायच्या आधीच विष पोटात गेलेलं असायचं, तसाच उशीर होत राहणार.

सावित्रीबाईंकडे कायदा नव्हता, हेल्पलाइन नव्हती, सरकारी निधी नव्हता. एक घर होतं आणि ते कुणासाठी आहे हे सांगणारं भिंतीवरचं पत्रक होतं.

आजच्या काळातलं ते पत्रक म्हणजे १४४१६. टेली मानस या सरकारी सेवेचा हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या स्वतःच्या मनात असे विचार येत असतील, तर आत्ता या नंबरवर किंवा जवळच्या माणसाशी बोला. आणि ओळखीतलं कुणी गप्प गप्प राहत असेल, तर आज त्याला एक फोन करून विचारा.