आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी आणि झाशीतील एक क्रमिक पुस्तक

झाशीचे नाव निघताच मराठी मनापुढे राणी लक्ष्मीबाई आणि तिचा किल्ला उभा राहतो. याच झाशीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, एका शाळामास्तराने शिक्षणखात्याने लावलेल्या पुस्तकाविषयी एक तक्रार केली आणि रेल्वेतील एका कर्मचाऱ्याने ती मनावर घेतली. हे रेल्वे कर्मचारी म्हणजे पुढे ‘सरस्वती’ मासिकाचे संपादक म्हणून हिंदी गद्याला वळण लावणारे आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी.

द्विवेदींचा जन्म १८६४ साली रायबरेली जिल्ह्यातील दौलतपूर या खेड्यात झाला. घरची स्थिती ओढगस्तीची होती. वयाच्या तेराव्या वर्षी ते इंग्रजी शिकण्यासाठी रायबरेलीच्या जिल्हा शाळेत गेले. पीठ आणि डाळ घरून पाठीवर वाहून न्यावी लागे. पोळी लाटता येत नसे, म्हणून ते डाळीतच पिठाचे गोळे शिजवून पोट भरत. महिन्याची फी दोन आणे होती. संस्कृत शिकण्याची ओढ असूनही त्या शाळेत संस्कृतला थारा नव्हता. तेव्हा निरुपायाने फारसी घ्यावी लागली. विद्यार्थ्याला काय हवे आहे याची शाळेच्या नियमाला फिकीर नसते, हा धडा त्यांना असा कोवळ्या वयातच मिळाला. पुढे पुरवा, फतेहपूर आणि उन्नाव येथील शाळांत काही वर्षे काढल्यावर गरिबीमुळे त्यांचे शालेय शिक्षण कायमचे थांबले.

त्यानंतर ते वडिलांकडे मुंबईस आले आणि तारेचे काम शिकून रेल्वेच्या नोकरीत शिरले. मराठी व गुजराती या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. तारबाबू, मालबाबू, स्टेशनमास्तर अशी नाना कामे त्यांनी केली. वेळ पाळावी, लाच घेऊ नये, काम प्रामाणिकपणे करावे आणि ज्ञान वाढवीत राहावे, हे चार नियम त्यांनी स्वतःस घालून घेतले होते. बढतीसाठी अर्ज करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. या नोकरीनेच त्यांना झाशीस आणले. दिवसा कचेरीतील कागद आणि उरलेल्या वेळात संस्कृत, मराठी, बंगाली, इंग्रजी ग्रंथ असा त्यांचा क्रम होता. साहित्यकृतींवरील त्यांचे परीक्षणलेख तेव्हा प्रसिद्ध होऊ लागले होते.

याच सुमारास झाशीच्या तहसिली शाळेतील एक अध्यापक त्यांच्याकडे आला. त्याच्या हाती अभ्यासक्रमातील हिंदीचे तिसरे पुस्तक होते आणि त्यातील अनेक दोष त्याने द्विवेदींना दाखवून दिले. त्या अध्यापकाची अडचण समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. पुस्तक वरून नेमलेले. ते बदलण्याचा अधिकार त्याला नाही. मुलांना सदोष पाठ शिकवावा तर मन खाते. न शिकवावा तर परीक्षा आणि तपासणी पुढे उभी. वर्गात रोज उभे राहणाऱ्याला चूक दिसते. पण पुस्तक मंजूर करणारे त्या वर्गापासून दूर बसलेले असतात. म्हणून त्याने द्विवेदींकडे एकच आग्रह धरला: या पुस्तकाची परखड समीक्षा लिहून ती छापावी.

द्विवेदींनी आधी पुस्तक स्वतः वाचले. अध्यापकाची तक्रार रास्त आहे अशी खात्री पटल्यावरच त्यांनी लेखणी उचलली आणि समीक्षा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. या पुस्तकाचे हक्क प्रयागच्या इंडियन प्रेसकडे होते. ज्या छापखान्याच्या मालावर टीका झाली, त्याचा रोष ओढवावा ही जगाची रीत. परंतु घडले उलटेच. या टीकेमुळेच इंडियन प्रेसची आणि द्विवेदींची ओळख झाली आणि १९०० साली सुरू झालेल्या ‘सरस्वती’ मासिकाचे संपादकपद त्यांना देऊ करण्यात आले. १९०३ पासून त्यांनी ते सांभाळले.

रेल्वेची नोकरी अजून चालूच होती, आणि कचेरीतही एक पेच उभा राहिला. वरिष्ठ साहेब द्विवेदींकडून कामाच्या वेळेबाहेर राबवून घेत असे. ते त्यांनी निमूटपणे सोसले. पुढे साहेबाने हुकूम सोडला की, हाताखालच्या लोकांनाही सकाळी आठ वाजता कामावर हजर करावे. आपण स्वतः येऊ, इतरांना भाग पाडणार नाही, असे द्विवेदींनी सांगितले. शब्दाला शब्द वाढला आणि त्यांनी राजीनामा दिला. तो परत घ्यावा म्हणून रदबदलीही झाली. तेव्हा त्यांनी पत्नीला विचारले. एकदा सोडलेले पुन्हा उचलणे तिला अपमानास्पद वाटले. मिळेल त्यात संसार चालवण्याची तयारी तिने दाखवली. ‘सरस्वती’चे मानधन महिना वीस रुपये आणि टपालखर्चाचे तीन रुपये एवढेच होते. त्यावर त्यांनी समाधान मानले.

पुढे १९२० पर्यंत त्यांनी हे मासिक चालवले. आलेला प्रत्येक लेख ते ओळीओळीने तपासत, व्याकरण सुधारत, लेखकाला कारण समजावून देत. झाशीजवळच्या चिरगावचे मैथिलीशरण गुप्त यांना खडी बोलीतील कवितेकडे वळवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. हर्बर्ट स्पेन्सरच्या शिक्षणविषयक ग्रंथाचे ‘शिक्षा’ हे भाषांतरही त्यांनी केले. सरकारी शाळेतील नोकरी सोडून १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे चरित्रही त्यांनी हिंदी वाचकांसाठी लिहिले. खात्याच्या चाकोरीत मन न रमलेल्या या शिक्षकाचे आकर्षण त्यांना वाटावे, हे स्वाभाविकच होते.

२१ डिसेंबर १९३८ रोजी आचार्यांचे निधन झाले. त्यांच्या कीर्तीच्या इमारतीत त्या तहसिली शाळेच्या मास्तराचाही एक चिरा आहे. त्याला खाते बदलता आले नाही. परंतु चूक वहीत लपवून न ठेवता ती पुराव्यानिशी जाणकारापुढे मांडणे त्याला जमले, आणि ऐकणाऱ्याने ती तपासून पाहण्याचे कष्ट घेतले. नेमलेल्या पुस्तकातील एखादी ओळ खटकली म्हणून रात्री शब्दकोश उघडून बसणारे शिक्षक आजही अनेक शाळांत आहेत. त्यांच्या तक्रारीला असा एखादा वाचक लाभणे, ही माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या हातातील गोष्ट आहे.