ज्योतीचा अभ्यासक रॉबर्ट बुन्सेन

विद्यार्थी मित्रहो, शाळेतील ज्या बर्नरवर तुम्ही परीक्षानळी तापवता, त्याला ज्याचे नाव मिळाले त्या रॉबर्ट बुन्सेनची ही हकीगत. पालकांनीही ती वाचावी, कारण प्रात्यक्षिकाचा तास म्हणजे अभ्यासाला सुट्टी, असे समजणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

बुन्सेनचा जन्म 1811 साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात होते. 1834 साली बुन्सेनने एका वैद्याच्या सहकार्याने सोमलाच्या विषावर उतारा शोधला : ताजा बनवलेला, पाणी धरून असलेला लोखंडाचा ऑक्साइड. हाच उतारा पुढे त्याच्या स्वतःच्या कामी आला, असे सांगतात.

कारण त्याने अभ्यासाला घेतली कॅकोडिलची संयुगे. आर्सेनिक आणि कार्बन असलेली ही द्रव्ये जहरी, दुर्गंधी आणि विलक्षण चंचल. काही तर हवा लागताच पेट घेतात. एके दिवशी स्फोट झाला. उजवा डोळा कायमचा गेला आणि विषबाधेने बुन्सेन मृत्यूच्या दारात जाऊन परत आला. बरा झाल्यावर त्याने तेच काम पूर्ण केले! अणूंचा एखादा गट एकसंध राहून एका संयुगातून दुसऱ्यात जातो काय, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. अशा गटाला मूलक म्हणतात. आपल्याला मूलक सुटा मिळाला, असे बुन्सेनला वाटले. प्रत्यक्षात ती दोन मूलकांची जोडी होती. पण त्याच्या कामाने मूलकाची कल्पना पक्की झाली, हे विसरता कामा नये.

त्यानंतर तो भट्ट्यांकडे वळला. लोखंडाच्या जर्मन भट्ट्यांत निम्म्याहून अधिक उष्णता वायूंबरोबर वाया जाते, हे त्याने मोजून दाखवले.

1855 च्या सुमारास हायडेलबर्गच्या नव्या प्रयोगशाळेत त्याला काजळी न धरणारी ज्योत हवी होती. जळण्यापूर्वीच वायूत हवा मिसळावी, ही कल्पना त्याची. बर्नर घडवला पेटर देसागा या कारागिराने. बुन्सेनने त्याचे पेटंट घेतले नाही. 1859 साली त्याचा मित्र किर्चहॉफ याने ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहण्याचे सुचवले, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात हे दोघांनी सिद्ध केले. सुमारे 40 टन खनिज पाणी आटवून त्यांनी सीझियम शोधले. हाती आले ते अवघे काही ग्रॅम क्षार. सूर्यात कोणती द्रव्ये आहेत, हेही याच रीतीने कळू लागले. 1899 साली बुन्सेन निवर्तला.

पुढच्या प्रात्यक्षिकाला सरांच्या परवानगीने बर्नरची हवेची खिडकी उघडून आतला निळा शंकू नीट पाहा. ती निळाई मुख्यतः दोन अतिचंचल रेणूंची आहे. एकात कार्बनचे दोन अणू; दुसऱ्यात एक कार्बन, एक हायड्रोजन. बाटलीत ते साठवता येत नाहीत, ज्योतीत क्षणभर जन्मतात आणि जळतात. पहिल्याचे प्रकाशपट्टे 1868 साली हगिन्सने धूमकेतूत ओळखले. दुसरा 1937 साली ताऱ्यांमधल्या विरळ वायूत ओळखला गेला. तेथे दुसरा रेणू क्वचितच भेटत असल्याने तो टिकतो.