रिकामी धर्मशाळा आणि बेघर पदवीधर

मुरबाड, शहापूर तालुक्यांतील जुन्या गावांची रचना पाहिली की पूर्वास्पृश्यांची वस्ती गावठाणापासून अलग आढळते. ही विभागणी केवळ दारिद्र्यामुळे झालेली नाही, याचा पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात सापडतो.

१९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी होती. शिक्षणाचा खर्च संस्थानानेच केला होता. हाती पैसा होता, पण घर मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. भाडे रोज दीड रुपया. धर्मशाळा ओस पडलेली होती आणि रखवालदाराला उत्पन्नाची गरज होती. मागणी-पुरवठ्याच्या नियमानुसार व्यवहार सुखाने चालावयास हवा होता! परंतु अकराव्या दिवशी डझनभर माणसे लाठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज कचेऱ्यांतून फिरतच राहिला होता. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्यानेही आश्रय देण्यास असमर्थता दर्शविली. कित्येक तास सार्वजनिक बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. संस्थानाने केलेला सारा खर्च एका खोलीअभावी वाया गेला.

अमेरिकेत त्या काळी घरांच्या दस्तांतच कृष्णवर्णीयांना मज्जाव करणाऱ्या अटी लिहीत. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला. बडोद्यात दस्ताची आवश्यकताच भासली नव्हती. रूढी पुरेशी होती.

पुढे परळच्या चाळीत त्यांनी अनेक वर्षे काढली. १९३०च्या दशकात दादरला ‘राजगृह’ उभे राहिले, त्यात माणसांइतकीच पुस्तकांची सोय होती. मात्र स्वतःचे घर झाल्याने प्रश्न मिटला, असे त्यांनी मानले नाही. १९४७ च्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसविण्याची व त्याकरिता वसाहत आयोग नेमण्याची मागणी केली. पडीक जमीन त्या आयोगाच्या हाती द्यावी, अशी ती योजना होती. गावातच समता आणण्याचा मार्ग सोडून वेगळे गाव मागणे अनेकांना रुचले नाही. पण ज्याचे राहणे आणि पोट दोन्ही गावाच्या मर्जीवर, तो त्या गावाशी झगडणार कसा, हा त्यामागील आर्थिक विचार टीकाकारांनी फारसा लक्षात घेतला नाही.

असा आयोग काही स्थापन झाला नाही. मुरबाड, शहापूरकडील अनेक कातकरी वाड्या दुसऱ्यांच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. तेथे घरकुल मंजूर झाले, तरी ते बांधावयाचे कोणाच्या जमिनीवर, येथेच कागद अडतो.