संतचरित्रकार श्री महिपतीबुवा ताहाराबादकर

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याची भूमी ही संतांची आणि संतवाङ्मयाची भूमी आहे. श्री ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली. श्री तुकोबारायांची परंपरा पुढे चालविणारे श्री निळोबाराय पारनेर तालुक्यातील पिंपळनेरचे. या सर्व संतकवींची चरित्रे एकत्र गुंफून घरोघरी पोहोचविणारे श्री महिपतीबुवाही याच जिल्ह्यातील होत.

राहुरी तालुक्यातील ताहाराबाद येथे शके १६३७ (इ.स. १७१५) मध्ये महिपतींचा जन्म झाला. वडिलांचे नाव दादोपंत व मातोश्रींचे गंगाबाई. घराण्याकडे गावचे कुलकर्णीपद होते आणि पंढरीच्या वारीचा नेमही होता. वडिलांच्या पश्चात महिपतींनी दोन्ही जबाबदाऱ्या स्वीकारल्या. दिवसाचा काही काळ दप्तरात, तर उरलेला विठ्ठलाच्या पूजनात व कीर्तनात जात असे.

एके दिवशी ते देवपूजेस बसले असता जहागीरदाराचा शिपाई तातडीने बोलावण्यास आला, अशी परंपरागत कथा आहे. पूजा आटोपून येतो, असे महिपतींनी सांगितले. परंतु शिपायाने त्यांना अपशब्द बोलून उठविले. महिपती गेले, सोपविलेले काम त्यांनी चोख पूर्ण केले आणि घरी परतून लेखणी देवापुढे ठेविली. यापुढे ही लेखणी राजसेवेसाठी नव्हे, तर केवळ संतसेवेसाठीच चालेल, असा त्यांनी संकल्प केला. घरसंसार असलेल्या गृहस्थाने चालती चाकरी सोडणे ही सोपी गोष्ट नव्हती. पण हा संकल्प त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

श्री तुकाराम महाराजांनी महिपतींच्या जन्मापूर्वी ६५ वर्षे, इ.स. १६५० मध्ये, वैकुंठगमन केले होते. तरीही महिपती त्यांनाच सद्गुरू मानीत. तुकोबांनी आपणास स्वप्नात अनुग्रह दिला, अशी त्यांची श्रद्धा होती.

महिपतींनी ‘संतलीलामृत’ रचले. पानिपतच्या युद्धानंतरच्या वर्षी, शके १६८४ (इ.स. १७६२) मध्ये, ५७ अध्यायांचा ‘भक्तविजय’ सिद्ध झाला. पुढे शके १६९६ (इ.स. १७७४) मध्ये ५१ अध्यायांचे ‘भक्तलीलामृत’ आले. ‘संतविजय’ हा ग्रंथ मात्र अपूर्ण राहिला. उत्तरेकडील नाभाजी व मराठीतील उद्धवचिद्घन या पूर्वसूरींचा आधार आपण घेतल्याचे महिपतींनी कृतज्ञतेने नमूद केले आहे.

त्यांच्या ग्रंथांत नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, चोखामेळा, जनाबाई आणि एकनाथ महाराज एकाच पंक्तीस बसले आहेत. कबीर, मीराबाई व नरसी मेहता या परप्रांतीय भक्तांनाही तेथे तेवढाच मान आहे. सुबोध ओवीमुळे ही चरित्रे निरक्षर श्रोत्यांनाही कळली. मंदिरांत व घरांत त्यांची पारायणे होऊ लागली. संतांच्या ज्या कथा आज आपण लहानपणापासून ऐकतो, त्यांपैकी अनेक महिपतींच्या ग्रंथांतूनच आपल्यापर्यंत आल्या आहेत.

शके १७१२ (इ.स. १७९०) मध्ये श्रावण वद्य द्वादशीस, वयाच्या ७५व्या वर्षी, ताहाराबाद येथे महिपतींनी देह ठेविला.

इतरांची चरित्रे लिहिण्यात त्यांनी आयुष्य वेचले. स्वतःच्या मोठेपणाविषयी लिहिण्यास त्यांची लेखणी कधी उचलली गेली नाही. यात्रेहून घरी परतल्यावर भाविकांनी ‘भक्तविजया’चा निदान एक अध्याय कुटुंबीयांसह वाचावा. महिपतींच्या सेवेचे स्मरण यापरते दुसरे कोणते?