शिष्यवृत्तीचे ऋण आणि त्याची फेड

शिष्यवृत्ती म्हटले की उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, अर्जाची शेवटची तारीख आणि रक्कम केव्हा जमा होते याची वाट पाहणे, एवढेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः शिष्यवृत्ती हा एक करार असतो. देणारा आणि घेणारा या दोन पक्षांखेरीज त्यात तिसराही एक पक्ष असतो. तो म्हणजे ज्याच्या पैशावर आणि ज्याच्यासाठी हे सारे चालते तो समाज. या करारातून उत्पन्न होणारे ऋण नेमके कोणाचे आणि ते फेडावयाचे कोणत्या चलनात, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्याइतका स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच समोर आला असेल. घटनाकार आणि लोकनेता म्हणून त्यांचे स्मरण नित्य होते. शिष्यवृत्ती घेणारा विद्यार्थी आणि शिष्यवृत्ती निर्माण करणारा प्रशासक या नात्यांनी त्यांचे चरित्र मात्र तितके पाहिले जात नाही.

भीमराव १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. सुभेदार रामजी सकपाळ यांची मिळकत निवृत्तिवेतनापुरती होती. मुलाने शिकावे ही जिद्द होती, पण महाविद्यालयाचा खर्च झेपणारा नव्हता. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी या विद्यार्थ्याची शिफारस बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे केली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. बी. ए. झाल्यावर १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू होतात न होतात तोच, २ फेब्रुवारीला वडील वारले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊ केली. ४ जून १९१३ रोजी झालेल्या करारनाम्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करण्याची अट होती.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास आणि मानववंशशास्त्र यांचा अभ्यास केला. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातिव्यवस्थेच्या उत्पत्तीवर त्यांनी निबंध वाचला. त्या तुटपुंज्या रकमेतूनच त्यांना मुंबईला घरी पैसे पाठवावे लागत. इकडे पत्नी रमाबाई कमालीच्या ओढगस्तीत संसार चालवीत होत्या. शिष्यवृत्तीच्या हिशेबात शुल्क, पुस्तके आणि निवास यांचे आकडे असतात. शिकणाऱ्याच्या घरातून एक मिळवता हात निघून गेल्याने जी झीज होते तिचा आकडा कोणत्याही खातेवहीत नसतो. ती किंमत रमाबाईंनी मोजली.

पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्धाचा काळ होता. पुस्तकांचे सामान नेणारे जहाज समुद्रात बुडविले गेले. त्या सामानाच्या नुकसानभरपाईतून प्रवासखर्च भागवून ते करार पाळण्यासाठी सप्टेंबरमध्ये बडोद्याला गेले.

त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. कचेरीत शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबूनच टाकीत, आणि पिण्याचे पाणीही मिळणे दुरापास्त झाले. काही दिवसांतच धर्मशाळेत त्यांची ओळख उघड झाली. लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. दिवसभर कमाठी बागेत बसून, निवाऱ्याची सारी दारे बंद झाल्यावर, ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. कराराची दहा वर्षे अकरा दिवसांतच आटोपली.

या घटनेकडे केवळ व्यक्तिगत अपमान म्हणून पाहणे अपुरे ठरेल. शिक्षणाने माणसाच्या श्रमाचे मोल वाढते आणि वाढलेल्या मोलातून तो ऋण फेडू शकतो, हे शिष्यवृत्तीमागील गृहीत आहे. त्यासाठी त्याला आपले श्रम मोकळेपणी देता आले पाहिजेत. परदेशी विद्यापीठाची पदवी, महाराजांचा पाठिंबा आणि नेमणुकीचा हुकूम हे सारे हाती असूनही ज्याला भाड्याची खोली मिळत नाही, त्याच्या बाबतीत ते गृहीतच कोसळते. सयाजीरावांचे औदार्य निःसंशय थोर होते, पण संस्थानिकाच्या औदार्यालाही जातीची तटबंदी ओलांडता आली नाही. गुणी विद्यार्थ्याला वर उचलून भागत नाही, तो जेथे उतरणार ती जमीनही बदलावी लागते, हा बडोद्याचा धडा होता.

अपुरे शिक्षण त्यांनी स्वतःच्या कमाईतून पुरे केले. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पगारातील बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या आधारावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. बडोद्यातील अनुभवाने त्यांची कृतज्ञता आटली नव्हती.

पुढील आयुष्यात त्यांनी या ऋणाची फेड वेगळ्या मार्गाने केली. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिच्या वतीने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. मुंबई विधिमंडळात १९२७ साली बोलताना सरकार दरडोई शिक्षणावर जेवढे खर्च करते त्याहून अधिक अबकारी करातून वसूल करते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. त्याच भाषणात, दलित मुलांच्या शिष्यवृत्त्यांवर होणारा खर्च वसतिगृहांकडे वळविणे अधिक हिताचे होईल, असे मत त्यांनी मांडले. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाने असे म्हणावे याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु दारिद्र्याने गांजलेल्या घरात आलेली तुटपुंजी रक्कम पोटापाण्यात विरून जाते आणि मुलाला अभ्यासाचे वातावरण मिळत नाही, हे त्यांनी पाहिले होते. पैसा आणि शिक्षण यांच्यामध्ये निवारा, अन्न आणि सोबत लागते, हे अनुभवाचे अर्थशास्त्र होते.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच वर्षी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना सविस्तर निवेदन सादर केले. बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांना केंद्र सरकार अनुदान देते, मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाचा भार का उचलत नाही, हा त्यातील बिनतोड सवाल होता. केवळ प्राथमिक शाळांनी समाजाची स्थिती पालटत नाही, शास्त्रीय व तांत्रिक शिक्षण घेतलेली माणसे कारभाराच्या मोक्याच्या जागी बसली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. सरकारने तीन लाख रुपयांची तरतूद मान्य केली. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्यांची योजना सुरू झाली. राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेली देणगी आता अंदाजपत्रकातील बाब झाली. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय उभे राहिले. सिद्धार्थमधील सकाळच्या वर्गांनी दिवसा नोकरी करणाऱ्या कित्येकांना पदवीपर्यंत नेले.

तरीही अखेरच्या काळात त्यांचे मन समाधानी नव्हते. मार्च १९५६ मध्ये आग्रा येथे बोलताना त्यांनी शिकलेल्या वर्गाविषयीची खंत उघड बोलून दाखविली. आपल्या बांधवांना हात देण्याऐवजी हा वर्ग नोकरी आणि कुटुंब यांतच गुरफटून गेला, याचे शल्य त्यांना होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

ही खंत समजून घेताना शिष्यवृत्ती घेणाऱ्यांवरच सारा दोष टाकणे न्याय्य होणार नाही. पहिल्या पिढीच्या पदवीधराच्या खांद्यावर म्हातारे आईवडील, धाकटी भावंडे आणि कर्ज यांचे ओझे असते. त्याने प्रथम घर सावरले तर त्यात गैर काही नाही. सामाजिक न्यायाची निष्ठा करारनाम्यात अट घालून उत्पन्न करता येत नाही, हे बडोद्याच्या करारानेच दाखवून दिले आहे. तो करार कागदावर मोडला, पण त्याचा हेतू मात्र कोणत्याही अटीवाचून कल्पनेपलीकडे सफल झाला. राज्यकर्त्यांचे काम एवढेच की रक्कम वेळेवर, पुरेशी आणि निवाऱ्यासह पोचावी. घेणाऱ्याने आपल्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दार उघडे ठेवले की हप्ता भरला गेला असे समजावे. महाराजांच्या खजिन्यातून निघालेल्या दरमहा २५ रुपयांची परतफेड बडोद्याच्या खजिन्यात झाली नाही. ती सोलापूरच्या वसतिगृहात, सिद्धार्थच्या वर्गांत आणि देशाच्या अंदाजपत्रकात झाली.