लँगरहॅन्स नावाचा विद्यार्थी

वय वर्षे वीस-एकवीस. आपल्याकडे या वयात माणूस थर्ड इयरला असतो. एखादी केटी मागे लागलेली असते, सबमिशन डोक्यावर असतं आणि मेसच्या भाजीवर तावातावाने चर्चा चालू असते. १८६८ मध्ये बर्लिनमध्ये याच वयाचा मेडिकलचा एक विद्यार्थी माणसाच्या कातडीचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. त्याचं नाव पाउल लँगरहॅन्स. बारावीला बायॉलॉजी घेतलेल्यांना ‘लँगरहॅन्सची द्वीपे’ आठवतील. स्वादुपिंड, इन्शुलिन, मधुमेह, दोन मार्क! पण या माणसाचा पहिला शोध स्वादुपिंडातला नव्हे, कातडीतला आहे. आणि ती गोष्ट दोन मार्कांत मावणारी नाही.

पाउलचा जन्म २५ जुलै १८४७ चा, बर्लिनचा. वडील डॉक्टर. पाउल लहान असतानाच आई क्षयाने गेली. शिक्षण आधी येना इथे आणि मग बर्लिनला झालं. बर्लिनला शिकवायला रूडॉल्फ विर्चो होते. सगळे रोग शेवटी पेशींतले बिघाड असतात, हे जगाला पटवून देणारे ते हेच. त्यांच्याच संस्थेतल्या यूलियस कोनहाइम यांनी एक नवी युक्ती काढली होती. ऊतीचा तुकडा गोल्ड क्लोराइडच्या द्रावणात भिजवायचा आणि उजेडात ठेवायचा. मज्जातंतूंवर सोन्याचे बारीक कण बसतात आणि ते काळे-जांभळे उठून दिसतात. जुन्या फोटोच्या फिल्मवर चांदी जे काम करायची, तेच इथे सोनं करतं म्हणा ना.

कातडीतले मज्जातंतू नेमके कुठे संपतात, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. टाचणी टोचली, केसाला नुसता वारा लागला तरी आपल्याला कळतं. मग हे ‘कळणं’ सुरू कुठे होतं? विद्यापीठाच्या एका स्पर्धेच्या निमित्ताने पाउलने कोनहाइमची युक्ती माणसाच्या कातडीवर वापरली. तंतू तर दिसलेच, पण बाह्यत्वचेत, म्हणजे कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात, आणखी काहीतरी दिसलं. काळ्या रंगाच्या सुट्या सुट्या पेशी, आणि प्रत्येकीला झाडासारख्या फांद्या! काही फांद्या वर पृष्ठभागाकडे गेलेल्या, तर एखादी खाली उतरलेली.

सोन्याने रंगतात ते मज्जातंतू, असा हिशोब होता. या पेशीही रंगल्या, त्यांना फांद्याही होत्या. त्यामुळे त्या मज्जासंस्थेच्याच असाव्यात, बाहेरचे संकेत टिपत असाव्यात, असं अनुमान त्याने मांडलं. लेख विर्चोंच्या नियतकालिकात छापून आला. सोबत आकृतीही होती. त्याला जे आणि जसं दिसलं, ते तसंच काढलेलं.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८६९ मध्ये, त्याने डॉक्टरेटचा प्रबंध दिला. विषय होता सशाचं स्वादुपिंड. त्याने तिथल्या पेशींचे नऊ प्रकार वर्णन केले. त्यातला एक प्रकार विचित्र होता. लहान, बहुकोनी, फिकट पेशी, आणि त्याही इकडे तिकडे घोळक्यांनी बसलेल्या. या पेशी काय काम करतात, हे त्याला सांगता आलं नाही. आणि सांगता येत नाही, हे त्याने प्रबंधातच सरळ लिहून टाकलं! व्हायवाला एक्स्टर्नलसमोर असं बोलायची आपली किती जणांची छाती होईल?

नंतर तो भूगोलतज्ज्ञ रिखार्ड कीपर्ट यांच्यासोबत सीरिया-पॅलेस्टाइनच्या दौऱ्यावर गेला. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं आणि तो जखमींच्या सेवेतल्या तुकडीत दाखल झाला. १८७१ मध्ये तो फ्रायबुर्गला आला आणि तिथे पुन्हा कातडीकडे वळला. १८७३ मध्ये त्याने स्पर्शकणिका, म्हणजे बोटांच्या टोकांशी स्पर्श ओळखणाऱ्या रचना, आणि बाह्यत्वचेचे थर यांवर लेख लिहिला. १८७४ मध्ये प्राध्यापकपद मिळालं. वय फक्त सत्तावीस. आता पुढचं सगळं आयुष्य प्रयोगशाळेत, असंच कुणालाही वाटलं असतं.

त्याच वर्षी क्षयाचं निदान झालं. आईला नेणारा तोच रोग. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. डॉक्टर फक्त हवापालट सांगत. इटली झाली, स्वित्झर्लंड झालं, पण उतार पडेना. नोकरी सुटली. अखेर १८७५ मध्ये तो अटलांटिक महासागरातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावर, फुंशाल गावी पोहोचला. तिथल्या हवेत थोडा आराम पडला. मग गडी स्वस्थ बसला का? छे! हवापालटासाठी येणाऱ्या क्षयरोग्यांवर तो उपचार करू लागला आणि समुद्रातले किडे गोळा करून त्यांचं वर्गीकरण करू लागला. एका गटाला तर त्याने आपल्या गुरूचं नाव दिलं, विर्चोविया!

मदेरात असतानाच १८८२ मध्ये त्याचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. मथळा एकाच शब्दाचा, अर्थ ‘दुरुस्त्या’. कातडीतल्या त्या पेशी मज्जासंस्थेच्या आहेत, या स्वतःच्याच जुन्या मताची त्याने त्यात दुरुस्ती केली. कुणी मागे लागलं नव्हतं. प्रयोगशाळा हातची गेली होती, तब्येत साथ देत नव्हती, तरी चौदा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थिदशेतल्या लेखाचा हिशोब त्याने बाकी ठेवला नाही. २० जुलै १८८८ रोजी फुंशालमध्येच तो मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी होते.

खरी गंमत इथून पुढे आहे. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं, तर त्याला मधुमेह झाला. १८९३ मध्ये फ्रान्सच्या लागेस यांनी ते घोळके पुन्हा अभ्यासले आणि त्यांना लँगरहॅन्सचं नाव दिलं. १९२२ मध्ये इन्शुलिन रोग्यांपर्यंत पोहोचलं.

कातडीतल्या पेशींना मात्र जास्त वाट बघावी लागली. कित्येक दशकं त्या रंग बनवणाऱ्या पेशींचाच झिजलेला अवशेष समजल्या गेल्या. १९६१ मध्ये मायकेल बर्बेक यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांच्यात टेनिसच्या रॅकेटसारखे कण दिसले आणि या पेशींची स्वतंत्र ओळख पटली. १९७३ मध्ये इंगा सिल्बरबर्ग यांनी दाखवलं की ॲलर्जी उठलेल्या कातडीत या पेशी पांढऱ्या पेशींना जाऊन भिडतात. म्हणजे त्या निघाल्या रोगप्रतिकारशक्तीच्या पहारेकरी! बाह्यत्वचेतल्या शंभर पेशींमागे साधारण तीन ते पाच, पण फांद्या पसरून परक्या पदार्थाची चाहूल घेत बसलेल्या.

मग मज्जातंतूंचं काय? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं की संवेदी मज्जातंतूंची टोकं या पेशींना प्रत्यक्ष लागून असतात आणि त्यांतून सुटणारं रसायन पेशींचं काम मंदावतं. २०१२ मध्ये जपानी संशोधकांच्या गटाने उंदरांत आणखी एक दुवा शोधला. कातडीला इजा झाली की केशकूप, म्हणजे केस जिथून उगवतो ती खोबण, रासायनिक संदेश सोडते. ते ऐकून नव्या पेशी तिथूनच बाह्यत्वचेत शिरतात. केस, मज्जातंतू आणि पहारेकरी यांचं असं एक जाळंच आहे. त्या पेशी मज्जातंतू नव्हेत हे खरं, पण मज्जातंतूंशी त्यांचं बोलणं मात्र चालू असतं.

मित्रांनो, लँगरहॅन्सला दोन्ही पेशींचं काम शेवटपर्यंत कळलं नाही. एकीबद्दल त्याचा अंदाज चुकला आणि दुसरीबद्दल त्याने अंदाजच केला नाही. तरी दोन्हींना नाव त्याचंच आहे, कारण त्याने दिसलेलं नीट नोंदवलं होतं आणि आपला तर्क कुठे सुरू होतो तेही स्पष्ट ठेवलं होतं. ग्राफवर एखादा बिंदू रेषेबाहेर गेला की लगेच रबर शोधणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. तो बिंदू राहू द्यावा. त्याचा अर्थ आपल्याला लागला नाही, तर पुढच्या कुणाला तरी लागेल. पण त्यासाठी तो कागदावर शिल्लक असायला हवा.