पंढरीच्या दारातील साने गुरुजी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र मी लिहावे, असे मंडळाने सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. मोठमोठ्या ग्रंथांचा अभ्यास माझ्यापाशी नाही. परंतु साने गुरुजींची पुस्तके समजण्यास फार शिक्षण लागत नाही. मायेचे अंतःकरण असले म्हणजे पुरते. शिवाय मुलांना जे लिहून सांगितले, ते गुरुजींनी पुढे स्वतः करून दाखविले. म्हणून मी त्यांचेच चरित्र निवडले.

गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, पण पुढे कर्जाने सारे गेले. आई यशोदाबाई कष्टाळू, सोशिक आणि मुलांना शिस्त लावणारी होती. गरिबीमुळे पांडुरंगाला शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असे हिंडावे लागले. १९१७ साली आई वारली, तेव्हा तो तिच्यापाशी नव्हता. ही हुरहूर त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

एम. ए. होऊन १९२४ साली ते खानदेशात अंमळनेर येथे शिक्षक झाले. वसतिगृहाचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की हे त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे नीट करीत, मळके कपडे धुऊन ठेवीत. ओरडून जे होत नाही, ते यामुळे झाले. मुलांना आपली आपणच लाज वाटू लागली आणि ती स्वच्छ राहू लागली. मुलांसाठी ते हाताने लिहून रोजचे दैनिकही काढीत.

१९३० साली त्यांनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली. मग तुरुंगाच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि पुढे ‘कुरल’ हा तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर प्रवचन देत; ती प्रवचने गुरुजींनी भराभर उतरून घेतली, म्हणून आज आपणांस वाचावयास मिळतात. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ साली छापली गेली. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तो मान मिळविणारा तो पहिलाच चित्रपट होय.

या पुस्तकातील एका गोष्टीकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. महार समाजातील एका म्हातारीची लाकडाची मोळी पडते. तिच्याने ती उचलवत नाही आणि कोणी हात लावीत नाही. श्यामची आई श्यामला पाठविते आणि मोळी उचलून द्यावयास लावते. गावाच्या टीकेला ती भीत नाही. मात्र घरी आल्यावर श्यामने आंघोळ करावी, असेही ती सांगते. मला वाटते, या गोष्टीचा खरेपणा यातच आहे. त्या काळच्या कोकणातील एका बाईला जेवढे पाऊल टाकता आले, तेवढे तिने टाकले. गुरुजींनी आईला उगाच मोठे करून दाखविले नाही. ते अर्धे पाऊल तिने मुलाच्या स्वाधीन केले आणि उरलेले अर्धे मुलाने पुरे केले.

ते कोठे पुरे केले? पंढरपुरात. दर आषाढात तुकोबांची पालखी आपल्या बारामती-इंदापूरच्या वाटेने जाते. आपण तिची वाट पाहतो, वारकऱ्यांना भाकरी देतो. पण ज्या विठ्ठलासाठी ही सारी धावपळ, त्याच्या देवळात १९४७ सालापर्यंत अस्पृश्य मानलेल्या बांधवांना जाता येत नव्हते. चोखोबांचे अभंग आपण भजनात गातो. त्यांची समाधी मात्र महाद्वाराबाहेर आहे.

हा लढा गुरुजींनीच सुरू केला असे मात्र कोणी समजू नये. ज्यांनी अन्याय सोसला, त्यांनीच तो आधी लढविला होता. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला. १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिरापुढे काही वर्षे सत्याग्रह चालला, तरी दार उघडले नाही. गुरुजींचे वेगळेपण एवढेच की, ज्यांनी दार लावून घेतले होते, त्यांच्यापैकीच ते एक होते. आपल्याच माणसांचे मन वळावे म्हणून ते उपाशी बसले.

उपोषणापूर्वी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला. गावोगाव सभा झाल्या, सेवादलाच्या कलापथकाने गाणी म्हटली, अनेक गावांची देवळे आणि विहिरी सर्वांना खुल्या झाल्या. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. गांधीजींना ते आधी पसंत नव्हते. ज्या गांधीजींना गुरुजी दैवत मानीत, त्यांचाच विरोध, हे दुःख किती मोठे असेल! तरी ते डगमगले नाहीत. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी मान्यता दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडली. मुलांसाठी ‘गोड गोष्टी’ लिहिल्या. पण गांधीजींच्या खुनाचा घाव त्यांच्या जिव्हारी लागला होता, भोवतालचे दुःख त्यांना सोसवेना. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपल्या हातांनीच जीवन संपविले. इतक्या मुलांना धीर देणाऱ्या माणसाला धीर देण्यास त्या वेळी कोणी जवळ नसावे, याचे मला फार वाईट वाटते. हळवे माणूस आपल्या घरात, शेजारी असले तर त्याची विचारपूस करावी, हेही त्यांच्या चरित्रातून आपण शिकावे.

आता आपल्याविषयी दोन शब्द लिहिते. अस्पृश्यता पाळणे घटनेने १९५० सालीच बंद केले. तरी रानात कामाला येणाऱ्या बाईचा चहाचा कप अजून काही घरांत निराळा ठेवला जातो. तो कप म्हणजे श्यामची ती आंघोळच आहे. श्यामच्या आईला जे जमले नाही, त्याला तिचा काळ कारण होता. आपल्याला कोणते कारण सांगता येईल?

गाळपाच्या हंगामात ऊसतोडणीची माणसे आपल्या शिवारात कोपी घालून राहतात. त्यांची मुले दिवसभर उसाच्या फडात असतात. माझी मंडळाला एक सूचना आहे. या हंगामात दर शनिवारी सायंकाळी आपण मुलांना ‘श्यामची आई’मधील एक एक गोष्ट वाचून दाखवावी, आणि कोपीवरील मुलांना बोलावून आणून आपल्या मुलांच्या शेजारी, एकाच सतरंजीवर बसवावे. खाऊ एकाच ताटातून वाटावा. वाचण्याचे काम मी करीन. गोष्टी बेचाळीस रात्रींच्या आहेत. हंगाम संपेपर्यंत जेवढ्या होतील तेवढ्या होतील. उरलेल्या पुढच्या वर्षी मुलेच आपल्याला वाचून दाखवतील.